घंटा कोणीबी वाजवील

फॉर्म तीन दिवस टीपॉयवर पडून होता. पंख्याच्या वाऱ्यानं उडू नये म्हणून नंदकुमारनं त्याच्यावर आधी चष्म्याची डबी ठेवली, मग ती पुरेना म्हणून पितळी फुलदाणी ठेवली. पण भागीरथीबाईंची सही काही त्याच्यावर पडली नाही. पहिल्या दिवशी त्यांना चष्मा सापडत नव्हता. दुसऱ्या दिवशी गुडघा धरला होता. आज, नऊ ऑगस्टच्या शनिवारी, जेवणं झाल्यापासून त्या मेथी निवडत बसल्या होत्या, आणि दोन जुड्यांना एवढा वेळ लागतो हे नेरुळच्या त्या सिडकोच्या फ्लॅटमध्ये आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

"आई, सोमवार शेवटचा दिवस आहे." नंदकुमार म्हणाला. पन्नाशी ओलांडली होती, न्हावा-शेव्याच्या बंदरात बारा माणसं हाताखाली होती, तरी आईसमोर तो अजून गृहपाठ राहिलेल्या पोरासारखा उभा राहत असे.

"मला अक्षरं कळत नाहीत. वार कळतात."

"आणि साडेसहाला खाली हॉलमध्ये कार्यक्रम आहे. स्वातंत्र्याचं पन्नासावं वर्ष, क्रांतिदिन, सगळी सोसायटी येणार. सेक्रेटरी म्हणाले, पप्पांचं नाव पहिलं घेणार आणि शाल तुझ्या हातात देणार."

"उकडून जीव चाललाय आणि शाल!" भागीरथीबाईंनी एक पिवळं पान बाजूला टाकलं. "पंखा द्या म्हणावं."

स्वयंपाकघराच्या दारात नंदिनी पदराला हात पुसत उभी राहिली. चोवीस वर्षं सासूच्या जिभेखाली काढल्यावर माणूस एक तर मोडतं नाहीतर गप्प होतं. नंदिनी गप्प झाली होती. पण आज पोराचा प्रश्न होता.

"आई, शौनकची सीट दोन टक्क्यांनी गेली. स्वातंत्र्यसैनिकाच्या नातवाचा कोटा आहे म्हणून तरी इंजिनिअरिंगचं नाव घेतोय आपण. एका सहीचं काम आहे."

"दोन टक्के गेले तेव्हा तो मॅच बघत होता. मला विचारून बघत होता?"

"आजी, ते झालं ना आता," शौनक सोफ्यावर आडवा पडल्या पडल्या बोलला. "तू फक्त सही कर ना यार."

"यार कुणाला म्हणतोस रे मेल्या? मी काय तुझ्या बसस्टॉपवर उभी असते?"

शौनक हसला. भागीरथीबाई हसल्या नाहीत. एरवी या नातवाच्या हसण्यासाठी त्या ताटातला रव्याचा लाडू लपवून ठेवत. आज त्यांना त्याच्याकडे बघवत नव्हतं. त्याची हनुवटी मास्तरांची होती. त्यांचे यजमान दिनानाथ वाघचौरे मास्तर जाऊन सोळा वर्षं झाली, पण हनुवटी घरातच राहिली होती.

बेल वाजली. सुवार्ता आली, नंदकुमारची धाकटी बहीण. हॉस्पिटलातली ड्यूटी संपवून वाशीहून थेट आली होती. छत्री मोरीत ठेवून ती टीपॉयपाशी आली, फुलदाणी उचलली आणि उभ्यानंच फॉर्म वाचला.

"तीन महिने कारावास? दादा, पप्पा अकरा दिवस होते आत. पोलीस कोठडीत."

"अकरा दिवसांना कोण विचारतं? नगरच्या एका म्हाताऱ्या काकांनी दाखला दिलाय, आम्ही एका बराकीत होतो म्हणून."

"खोटा."

"अकरा दिवस खरे आहेत ना? सायक्लोस्टाइलचं मशीन देवळाच्या घंटाघरात लपवलं होतं ते खरं आहे ना? पत्रकं त्यांनीच लिहिली ना? मग थोडं पुढे-मागे झालं तर देश बुडतो का?"

"पप्पांनी स्वतः फॉर्म भरला नाही. बहात्तर साली कचेरीतून माणूस आला होता घरी. पप्पांनी त्याला चहा पाजला आणि फॉर्मची घडी करून खिडकीच्या फटीत कोंबली. वाऱ्यानं खिडकी वाजायची म्हणून. मी होते तिथे."

"पप्पा साधू होते," नंदकुमारचा आवाज चढला. "साधूच्या पोरांनी काय करायचं, तेवढं सांग. टाळ्या वाजवायच्या?"

साधू. भागीरथीबाईंच्या हातातली काडी मोडली. सगळी ख्रिस्ती मंडळी मास्तरांना तसंच म्हणत आली होती. हेडमास्तर असूनही ते मिशनच्या शाळेची आणि देवळाची, म्हणजे चर्चची, घंटा स्वतः वाजवायचे. शिपायाला दोरीला हात लावू देत नसत. तापानं फणफणले तरी पहाटे उठून दोरी ओढायला जायचे. आणि प्रभुभोजनाच्या वेळी पुढची खुर्ची सोडून अगदी मागच्या चटईवर बसायचे. सगळ्यांनी घेतल्यावर, पेल्यात तळाशी उरलेला द्राक्षरसाचा घोट शेवटी घ्यायचे. त्यांच्या पोरांनी ते पाहिलं आणि तीच घराण्याची रीत झाली. आता नेरुळच्या चर्चमध्येही वाघचौरे मागच्या बाकावर बसत आणि पेला शेवटी घेत. पाळकसाहेब नव्या लोकांना कौतुकानं दाखवत, 'हे आमचं नम्र कुटुंब.' मग सगळं नम्र कुटुंब मान ताठ करून बसत असे. भागीरथीबाईंची सगळ्यात ताठ.

आता त्या मानेला रग लागली होती.

पुन्हा बेल वाजली. शौनकनं दार उघडलं. बाहेर सखू उभी होती. एपीएमसी मार्केटात कांदे निवडायचं काम करणारी, साठीला टेकलेली, अंगानं चिपाड. पदराला कांद्याची साल चिकटलेली. महिन्यातून एकदा ती दोन किलो कांदे घेऊन येत असे, आणि आजीची गावाकडची कोणीतरी, यापलीकडे पोरांनी कधी चौकशी केली नव्हती.

"सलाम, मास्तरीणबाई," ती म्हणाली आणि नेहमीसारखी चपलांच्या रॅकपाशी बसली. पिशवी मांडीशी घेतली.

नंदकुमार खालच्या आवाजात म्हणाला, "आई, आज घरचं बोलणं चाललंय. हिला..."

"मी बोलावलंय तिला. काल शौनकला मार्केटात पाठवलं होतं निरोप घेऊन." मेथीचं ताट त्यांनी बाजूला सारलं. "सखू, वर येऊन बस. सोफ्यावर."

"बरं हाय की हितं. पाय वले हायेत माजे."

"वर ये म्हणते ना!"

सखू दचकली, पण उठली नाही. भागीरथीबाईंच्या लक्षात आलं की आपण आजवर तिला कधी वर बोलावलं नव्हतं. इतकी वर्षं ही बाई चपलांशेजारी बसून चहा पिऊन गेली आणि आपण, मागच्या बाकावरचे नम्र लोक, तिच्याशी गप्पा मारत राहिलो. सोफ्यावरून.

"सखू, तुझा बाप कशानं मेला?"

सखूनं इकडंतिकडं बघितलं.

"आता हे काय, बाई? तुरुंगात हगवण लागून मेला. तुमाला ठावं हाय."

"तुरुंगात कशापायी गेला?"

सखूची मान खाली गेली. "कागुद चोरला मिशनचा. म्हणून तर आयेला कंपाउंडातून काढलं. मी चार वर्साची व्हते. आता ते कशाला काढता, बाई? पोरांम्होरं?"

"चोरला नाही," भागीरथीबाई म्हणाल्या.

एवढे दोन शब्द बोलायला त्यांना चोपन्न वर्षं लागली होती. बोलून झाल्यावर हलकं वाटेल अशी त्यांची समजूत होती. वाटलं नाही. नुसता थकवा वाढला, जिना चढून दारात यावं आणि किल्ली खालीच राहिल्याचं कळावं तसा.

"शौनक, ऊठ. नीट बस. तुझ्यासाठी चाललंय हे सगळं, तर ऐक." मग त्या कुणाकडेच न बघता बोलू लागल्या. "हिचा बाप नामा. आमच्या देवळाची घंटा वाजवायचा, अंगण झाडायचा. प्रभुभोजनाला मागच्या चटईवर बसायचा आणि पेला त्याला सगळ्यात शेवटी द्यायचे. का, माहीत आहे? त्याच्या ओठाचा पेला परत कुणी ओठाला लावायचं नाही म्हणून. बाप्तिस्मा सगळ्यांचा एकाच विहिरीच्या पाण्यानं झालेला, पण पेल्याला रांग होती."

"आई..." सुवार्ता खुर्चीत बसली.

"मी सतरा वर्षांची, नवी नवरी. मास्तर मला संध्याकाळी पाटीवर अक्षरं गिरवायला लावायचे. नामा दारातून बघायचा. एकदा म्हणाला, बाई, मला माजं नाव काढून दाखवा. मला तरी कुठं येत होतं? पण दोन अक्षरांचं नाव, मी शिकवलं. कोळशानं फरशीवर गिरवायचा. महिनाभरात यायला लागलं. देवळाच्या मागच्या भिंतीवर खालपासून वरपर्यंत नामा, नामा, नामा. मास्तर रागावले, मी हसले."

बाहेर पावसाची सर आली आणि खिडकीच्या पत्र्यावर वाजत राहिली. नंदिनी हळूच पुढं येऊन भिंतीला टेकली.

"मग ते बेचाळीसचं झालं. घंटाघरात मशीन सापडलं. मास्तरांना धरून नेलं. अकराव्या दिवशी नामा माझ्याकडं आला. म्हणाला, बाई, मी जाऊन सांगतो, मशीन माजं हाय. मी म्हटलं, अरे, तुला कोण मानेल? तर मला म्हणतो..." इथं त्यांची भाषा बदलली. मास्तरीण होताना वरून नेसलेली शाळेची भाषा गळून पडली आणि खालची गावाकडची उघडी झाली. "म्हनतो, मास्तर आत ऱ्हायलं तर पोरान्ला शिकवील कोन? घंटा काय, घंटा कोनीबी वाजवील."

सखूनं मांडीशी घेतलेली पिशवी खाली ठेवली.

"फौजदार हसला त्याला. म्हणाला, अंगठेबहाद्दर माणूस पत्रकं छापतो होय? तर यानं टाक मागितला. आणि जबानीच्या कागदावर नाव लिहिलं. अंगठा नाही. नाव. मी शिकवलेली दोन अक्षरं. तेवढ्यावर त्याला दोन वर्षांची सजा झाली आणि मास्तर घरी आले. पाच महिन्यांत नामा गेला. त्या दिवसापासून मी पाटीला हात लावला नाही. तुम्ही म्हणता ना, आईला शिकायचा कंटाळा होता?"

"पण मग चोरी?" नंदिनीनं विचारलं. आज पहिल्यांदाच तिनं सासूला मधेच थांबवलं होतं.

"मिशन कंपाउंडच्या मोठ्या साहेबांना सरकारचं भय. मंडळीपुढं सांगून टाकलं, झाडूवाला कागदचोर निघाला, मिशनचा संबंध नाही. हिला आणि हिच्या आईला दुसऱ्या दिवशी बाहेर काढलं." त्यांनी पाणी मागितलं नाही, पण शौनकनं पेला आणून दिला. त्या प्यायल्या नाहीत, नुसता धरून राहिल्या. "सत्तेचाळीस साली मास्तर म्हणाले, आता मी देवळात उभा राहतो आणि सांगतो. नंदू, तू माझ्या मांडीवर होतास. वर्षाचा. मी त्यांचे पाय धरले. नोकरी जाईल, घर जाईल. तुमच्या बापाला मी गप्प बसवलं. म्हणून तो घंटा ओढत बसला जन्मभर. म्हणून मागच्या चटईवर बसला, नामाच्या जागेवर. आणि आपण तेच दागिन्यासारखं मिरवलं."

नंदकुमारचा चेहरा काळवंडला होता. तो फॉर्मकडे बघत होता. "तरी पत्रकं पप्पांनीच लिहिली. धोका त्यांनीही घेतलाच होता. हे काही खोटं नाही."

"नाही. तेही खरं."

"मग आत्ता का, आई? चोपन्न वर्षं गप्प बसलीस, अजून दोन दिवस गप्प बसली असतीस तर..."

"दादा बरोबर बोलतोय." हे सुवार्ताच्या तोंडून आलं. भागीरथीबाईंना धक्का बसला. घटकेपूर्वी खोटा दाखला म्हणून भांडलेली ही पोर आता डोळे पुसत भावाच्या बाजूला जाऊन उभी राहिली होती. "पप्पांना असं खाली ओढायची काय गरज होती? ते गेले आता. एक माणूस होता आपल्याकडे दाखवायला. त्याला तरी राहू दे. शौनकला सीट मिळू दे, सखूबाईंना काय हवं ते आपण करू. गुपचूप."

"गुपचूप!" भागीरथीबाईंच्या जिभेला पुन्हा धार आली. "दर शुभ शुक्रवारी तीन तास उपाशी बसून रडता. का? तर एकजण सगळ्यांसाठी मेला. देवानं माणसाची किंमत केवढी केली, म्हणून पाळकसाहेब हात उंचावतात आणि तुम्ही रुमाल काढता. आणि तुमच्यासाठी, या घरासाठी, जो मेला त्याची लेक चपलांपाशी बसते. तिचं आडनाव सांग मला, सुवार्ता. सांग. बावीस वर्षं कांदे खातेस तिचे."

सुवार्तानं नंदिनीकडे पाहिलं.

"मलाही धाडस नव्हतं. आज पण नाहीये. पण त्या फॉर्मवर माझी सही मागता. दोनच नावं लिहिता येतात मला, एक माझं आणि एक त्याचं. त्याचं नाव लिहून मास्तर सुटले. आता माझं लिहून शौनक सुटणार. एका माणसाला किती वेळा विकायचं?"

नंदिनी भिंतीपासून सुटली. भागीरथीबाईंना वाटलं, आता ही बोलेल, पोराची आई आहे, हिचा हक्कच आहे. नंदिनी टीपॉयपाशी गेली, फुलदाणी बाजूला केली आणि पेन उघडून सासूच्या हातात दिलं.

"तुम्हाला काय लिहायचं ते लिहा, आई," ती म्हणाली. "मी पुढच्या वर्षी परत परीक्षेला बसवीन त्याला."

"नंदिनी!" नंदकुमार ओरडला.

"ओरडू नका. मला दमायला झालंय."

चोवीस वर्षांत सासू-सुनेचं एवढं एकमत कधी झालं नव्हतं. भागीरथीबाईंनी पेला खाली ठेवला, ताट पुन्हा मांडीवर ओढलं आणि फॉर्म त्याच्यावर ठेवला. मेथीचं पाणी कागदाला लागलं. खाली अर्जदाराच्या सहीची रेघ होती. पहिलं अक्षर फार मोठं आलं, दुसरं उतरत खाली गेलं. नंदकुमारनं वाकून पाहिलं, आणि तो आतल्या खोलीत निघून गेला. दार त्यानं आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

"काय लिवलं, बाई?" सखूनं दारातूनच विचारलं.

भागीरथीबाई उठल्या. गुडघा खरोखरच धरला होता. फॉर्म घेऊन भिंतीच्या आधारानं त्या चपलांपर्यंत गेल्या आणि सखूशेजारी फरशीवर बसल्या.

"तुझ्या बापानं फौजदाराच्या कागदावर लिहिलं होतं ते."

सखूनं कांद्याच्या सालीनं लाल झालेलं बोट दोन अक्षरांवर ठेवलं. बराच वेळ ठेवलं. ती रडेल असं सगळ्यांना वाटलं होतं. पण तिनं बोट उचललं तेव्हा तिचे डोळे कोरडे होते आणि कडक.

"म्हंजी तुमाला ठावं व्हतं."

"होतं."

"माजी आय मेली तवाबी ठावं व्हतं. मरताना म्हनत व्हती, चोराची बायकू म्हनून मला पुरू नगा."

"होतं, सखू."

"आन् मी कांदं आनीत व्हते."

माफी मागायची भागीरथीबाईंच्या तोंडाला सवय नव्हती. त्यांनी शब्द शोधला, तो सापडेना, म्हणून त्यांनी नुसते हात जोडले. सखूनं ते हात धरलेही नाहीत आणि झिडकारलेही नाहीत.

खालून लाऊडस्पीकरचा आवाज आला. कोणीतरी 'हॅलो, हॅलो, माइक चेक' करत होतं. शौनक खिडकीत जाऊन उभा राहिला. त्याची पाठ बघून तो चिडलाय की रडतोय ते कळत नव्हतं. थोड्या वेळानं तो तिकडंच बघत म्हणाला, "आजी, त्यांनी बोर्डवर आजोबांचं नाव लिहिलंय. खडूनं. फुलं बिलं काढलीत."

"शाल तू घे," भागीरथीबाई सखूला म्हणाल्या. "तुझ्याच अंगावर पडायला हवी ती."

"शाल काय करू? मार्केटात पांघरून जाऊ?" सखूनं पदर झटकला. कांद्याची साल फरशीवर पडली. "मला काय नगं. माजा बा चोर नव्हता, येवढं तिथं सांगा. त्या भोंग्यातनं. मोठ्यानं. बापाचं नाव घेऊन."

भागीरथीबाईंनी डोळे मिटले. हॉलमध्ये चाळीस घरांची माणसं असतील. पाळकसाहेब येणार होते. मागच्या बाकावरचे वाघचौरे म्हणून ज्यांनी इतकी वर्षं मान दिला ते सगळे समोर बसलेले असतील, आणि उद्यापासून जिन्यात आपल्याकडे बघायची त्यांची नजर वेगळी असेल. मास्तरांनी एकदा उभं राहायचं म्हटलं होतं तेव्हा त्यांनी पाय धरले होते. आता त्यांचे पाय धरायला कुणी नव्हतं.

"सांगते," त्या म्हणाल्या. "उठव मला."

सखूनं हात दिला. हात खरखरीत होता आणि त्याला कांद्याचा वास होता. नंदिनीनं चपला सरळ करून ठेवल्या. शौनक खिडकीतून आला, कोपऱ्यातली घडीची खुर्ची काखेत घेतली आणि पुढं निघाला. सुवार्ता जागची हलली नाही. आतल्या खोलीचं दार बंदच होतं. भागीरथीबाईंनी तिकडं एकदा पाहिलं, हाक मारावी असं मनात आलं, पण मारली नाही. पोरगा आहे, चिडू दे. आपण त्याला चिडायला कारण दिलंय.

दाराबाहेर जिन्याच्या तोंडाशी सखू सवयीनं बाजूला सरली, भिंतीला पाठ लावून, मास्तरीणबाईंना आधी जाऊ द्यायला.

भागीरथीबाई थांबल्या. तीन मजले उतरायचे होते आणि त्या आत्ताच दमल्या होत्या.

"तू हो पुढं," त्या म्हणाल्या. "आमच्या घराला शेवटी जायची सवय आहे. आज तरी खरी होऊ दे."